दोनदा थोपटलेली चटई

लॅबमधून, मंगळवार,
दुपारचा चहा आटोपून

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात फडकं होतं, ते खाली ठेवून मग जोडलेत.) मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि अजून कुणी मला हाकललेलं नाही. आईचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना ती अजून प्रत्येक पायरीला माझ्या नावाने सुस्कारा सोडते का? चिमणीचा पुढचा दात पडला, की अजून जिभेने हलवत बसते? दादाची पाठ कशी आहे आणि राग कसा आहे तेही कळवा. त्याची पाठ बरी असली की राग चढतो आणि पाठ धरली की राग उतरतो, तेव्हा दोन्हीपैकी एक तरी ठीक असणार असं धरून चाललोय. तुमच्या तब्येतीबद्दल तुम्ही कधी एक ओळ लिहीत नाही. घरादाराची खुशाली लिहिता आणि शेवटी जागा संपली म्हणता. या खेपेला आधी स्वतःचं लिहा आणि जागा संपली तर दादाचं राहू द्या.

घराला रंग द्यायचा घाट घातलाय हे वाचून बरं वाटलं. भिंतींना कोणता रंग देताय ते नक्की लिहा. मात्र सामान हलवायची घाई करू नका. विशेषतः स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट फार जड आहे आणि दादाची पाठ ही अशी. (कपाटाबद्दल शेवटी लिहितो. आत्ता नको.)

तुम्ही विचारलंय की मी इथे नेमकं काय करतो, कारण दादा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला "धाकटा कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगतो आणि लोक आपापले बंद पडलेले कॉम्प्युटर माझी वाट बघत ठेवून देतात. तर वहिनी, मी कॉम्प्युटरमध्ये नाही, मी कॉम्प्युटरखाली आहे. टेबलाखालच्या वायरींवरची धूळ काढतो, लादी पुसतो, चहाचे कप धुतो, पार्सलं आली की वर आणून देतो. ही विद्यापीठातली लॅब आहे आणि इथे यंत्रांना बघायला शिकवतात. बघायला म्हणजे नुसतं फोटो काढायला नव्हे. समोर कप आहे, तो इतका लांब आहे, त्याचा कान उजवीकडे आहे, हे ओळखून तो न सांडता उचलायला. आपल्या चिमणीला हे दीड वर्षाची असताना यायला लागलं होतं. इथे सात-आठ माणसं चार वर्षं त्याच्या मागे लागली आहेत, त्यामुळे चिमणीबद्दल माझ्या मनात आदर वाढलाय.

खोलीत अकरा कॅमेरे आहेत. घरी एका माणसाची नजर चुकवणं मला जड जायचं (नाव घेत नाही, पत्र त्यांनाच लिहितोय) आणि इथे अकरा. त्यातल्या काहींना रंग दिसतात, काहींना नुसतं अंतर दिसतं. समोर निळा शर्ट आहे की भिंत, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण किती हात लांब आहे ते बोटाच्या पेराइतकं अचूक सांगतील. शिवाय चाकांवरची एक पेटी आहे. तिच्या डोक्यावर एक डबा गरगर फिरत असतो आणि तो खोलीच्या भिंती मोजतो. रोज मोजतो, रोज खोली तेवढीच भरते, तरी त्याचा विश्वास बसत नाही. आणि मधोमध टेबलाला बोल्टने आवळलेला एक पांढरा यांत्रिक हात आहे. नुसताच हात, पुढे-मागे माणूस नाही. सात ठिकाणी वाकतो, पूर्ण लांब केला तर माझ्या डोक्याच्या वर जातो आणि त्याला बोटं दोनच. सगळे त्याला नंबराने ओळखतात, मी हातोबा म्हणतो. त्याच्या शेजारी अळंबीसारखं लाल बटण आहे. काही उलटसुलट झालं तर ते दाबायचं, हातोबा जागच्या जागी गार होतो. असलं एक बटण दादासाठी घेता येईल का, याची मी चौकशी करून ठेवली आहे.

मी इथे लागलो ते सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिने नीट काढले की मोठे सर (ते या लॅबचे प्रमुख, चष्मा कपाळावर आणि शोध खिशात) एका कागदावर सही करणार आणि मी कायम होणार. ते सहा महिने याच महिन्याच्या तीस तारखेला भरतात. निघताना दादा काय म्हणाला ते तुम्हाला आठवत असेल, तुम्ही माझा डबा बांधत तिथेच उभ्या होता. तो म्हणाला, ही तुझी सातवी नोकरी. ही सुटली तर परत येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. परत ये, पण मग दुकानात माझ्या शेजारी स्टुलावर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि घड्याळं उघडायची. आणि संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. वहिनी, मला घड्याळांचा राग नाही. पण ते "उठायचं नाही" माझ्या कानात अजून टिकटिकतंय. लिफ्ट चालवायची नोकरी मी अकरा दिवसांत सोडली ती त्यातल्या स्टुलापायी. दिवसभर वरखाली करून माणूस शेवटी निघाला तिथेच उतरतो. छापखाना सुटला, बेकरी सुटली, सिनेमाच्या थिएटरात बॅटरी दाखवायचं काम सुटलं (त्यात चूक माझी नव्हती, शेवट आधी सांगितला म्हणून एका गृहस्थाने तक्रार केली). पण ही लॅब मला आवडली. इथे काहीच स्वस्थ बसत नाही.

आवडली म्हणूनच पहिल्या महिन्यात घोटाळा केला. एका सोमवारी सकाळी मी लवकर आलो आणि खोलीकडे नीट बघितलं, तर अकराच्या अकरा कॅमेरे वाकडेतिकडे. एक खाली मान घालून, एक भिंतीकडे तिरपा, एक तर चक्क मान मुरगळल्यासारखा. मला वाटलं, शनिवारी मुलं घाईत गेली असतील. तुम्हीच शिकवलंय, फोटो तिरपा दिसला की येताजाता सरळ करायचा. मी एकेक करून सगळे सरळ केले, दोरी लावून एका ओळीत आणले. शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे दिसत होते. काचांवर फुंकर मारून फडकंही फिरवलं. मग मी दाराशी उभा राहिलो, कुणीतरी कौतुक करील म्हणून.

त्यानंतर आल्या त्या ताई. हातोबाचं काम त्यांच्याकडे आहे, त्यावर त्या प्रबंध लिहितायत, तीन वर्षं झाली. बोलतात कमी, चहा थंड करून पितात. त्यांनी हातोबाला कप उचलायला सांगितलं. हातोबा डौलात पुढे आला, कपाच्या वीतभर अलीकडे थांबला, दोन बोटांनी हवा धरली, ती हवा हळूच उचलली आणि न सांडता बशीत नेऊन ठेवली. ताईंनी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा हवा आणून दिली. मग त्यांनी मान वर करून कॅमेरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की कौतुकाचं काही खरं नाही. झालं होतं असं की प्रत्येक कॅमेरा कुठे उभा आहे आणि कुठल्या कोनातून बघतोय, हे त्या कॉम्प्युटरला आधी शिकवून ठेवतात. तो वाकडेपणा मोजून मापून केलेला होता. मी तो सरळ करून टाकला.

शिक्षा म्हणून (शिक्षा असं त्या म्हणाल्या नाहीत, पण वहिनी, मला शिक्षेचा चेहरा ओळखू येतो) दोन दिवस मला एक पुठ्ठा धरून उभं केलं. काळ्यापांढऱ्या चौकटींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा. तो प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरायचा, जरा डावीकडे, जरा तिरपा, जरा जवळ, की त्यावरून कॅमेऱ्याला आपली जागा पुन्हा कळते. मी दोन दिवस स्वतःचाच फोटो काढून घेतोय असा उभा होतो आणि एकाही फोटोत मी नाही, सगळ्यांत पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंच्या हातून चहा सांडला. मी पुठ्ठा काखेत मारला आणि टेबल पुसलं. चार फटक्यांत. बाहेरून आत दोन, मग कडेला, मग फडकं उलटून एक. तुमची पद्धत. ताई तशाच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, परत कर.

तर गंमत ही, की त्या तीन महिने हातोबाला टेबल पुसायला शिकवत होत्या आणि ते शिकवायला त्यांनी लावली होती इंजिनियर झालेली मुलं. त्या मुलांनी जन्मात टेबल पुसलेलं नाही. ती टेबल कुरवाळतात. तीच कला हातोबाने उचलली होती. ताईंनी मोठ्या सरांना विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लादी पुसून झाली की अकरा वाजता मी हातोबाचा मास्तर.

मास्तरकी कशी असते ते सांगतो. हातोबाच्या मनगटावर एक बटण आहे, ते दाबून धरलं की तो ढिला पडतो. मग त्याचं मनगट धरायचं आणि आपण नेऊ तिकडे तो येतो. आपण पुसायचं, हात त्याचा. तो सगळं लक्षात ठेवतो आणि मग एकटा करून बघतो. पहिल्या दिवशी ते थंडगार मनगट धरल्यावर मला काय आठवलं सांगू? मी पहिलीत होतो, तुम्ही नुकत्याच या घरात आला होता, आणि माझ्या पाटीवरचा "ग" सारखा आडवा पडायचा. तुम्ही मागे बसून माझा हात धरलात आणि गिरवून घेतलात. तुमच्या हातावर पिठाचा वास होता. हातोबाला वास येत नाही, पण मी त्या दिवशी साबणाने हात धुऊन गेलो.

प्रयोगाचं टेबल घरातल्या जेवणाच्या टेबलासारखं मांडलेलं असतं. एक बशी, एक कप, मधोमध एक छोटी विणलेली चटई. त्यावर पावाचा चुरा टाकायचा. हातोबाने स्पंज धरून तो चुरा कडेच्या तबकात लोटायचा. वरच्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटर बघतो, टेबलावर किती चुरा उरला, आणि मार्क देतो. इंजिनियर मुलांच्या हाताखाली हातोबाला एकसष्ट मिळाले होते. माझ्या हाताखाली पहिल्याच आठवड्यात सत्त्याऐंशी. वहिनी, मला मार्क या गोष्टीची अशी ओळख नव्हती. मी तो आकडा पुसायच्या फडक्याने स्क्रीनवरून पुसून पुन्हा बघितला, तरी तो गेला नाही.

पण एकच गोष्ट किती वेळा करायची? ताईंना तीनशे वेळा हवी होती. आणि प्रत्येक वेळी ते तबक नेऊन रिकामं करायचं, परत आणायचं, चुरा परत टाकायचा. चाळिसाव्या वेळेपर्यंत मी मन लावून केलं. शंभराव्या वेळी मला लिफ्ट आठवायला लागली. एकशे चाळिसाव्याच्या सुमारास मी ठरवून काही केलं नाही, देवाशप्पथ नाही, हाताने आपोआप केलं. त्या चटईचा एक कोपरा जरा वर वळलेला होता. मी चुरा त्या कोपऱ्याखाली सारला आणि चटई नीट बसावी म्हणून वरून दोनदा थोपटली.

आता तुम्हाला पुढे वाचायची गरजच नाही. बाहेरच्या खोलीचा केर मी सतरंजीखाली सारायचो आणि वरून दोनदा थोपटायचो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? पण तरी लिहितो.

उरलेल्या एकशे साठ वेळा मी तेच केलं. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की संध्याकाळी जाताना मी चटई उचलून सगळा चुरा काढायचो, एकदम. म्हणजे स्वच्छता होत होती, फक्त ठोक होत होती. आणि कॉम्प्युटर वरून बघायचा, टेबल लख्ख दिसायचं, तो खूश. ताईंनी शेवटी आकडा वाचून दाखवला. शंभरात अठ्ठ्याण्णव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एका मुलाने माझ्यासाठी बिस्किटाचा अख्खा पुडा आणला. ताई पहिल्यांदा गरम चहा प्यायल्या. मला आतून जरा टोचत होतं. पण अठ्ठ्याण्णव, वहिनी. आमच्या खानदानात हा आकडा फक्त थर्मामीटरला मिळालाय.

मग आला समितीचा दिवस. हे काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवणारी पाच माणसं दुपारी येणार होती. त्यातल्या एक अगदी आजीबाई होत्या, काठी घेऊन, पण नजर अशी की मी आपोआप बादली पायामागे लपवली. आता सकाळपासून ताईंनी रंगीत तालीम म्हणून हातोबाकडून वीस वेळा टेबल पुसून घेतलं होतं आणि मी खाली पार्सलं उतरवत होतो. म्हणजे त्या दिवशी चटई कुणी झटकलीच नव्हती. मला हे आठवलं तेव्हा समिती खुर्च्यांवर बसली होती आणि मी भिंतीला चिकटून उभा होतो. लाल बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. चार पावलं मी टाकली नाहीत.

हातोबाने सुरुवात झकास केली. बाहेरून आत दोन, कडेला एक, स्पंज उलटून एक. मग चुरा गोळा करून अलगद चटईच्या कोपऱ्याखाली सारला आणि वरून दोनदा थोपटलं. ते थोपटणं समितीला फार आवडलं. एक गृहस्थ म्हणाले, यात आपुलकी दिसते. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव उमटले. आजीबाईंना कुणीतरी चहा दिला. त्यांनी कप त्या चटईवर ठेवला. चटईखाली वीस वेळचा डोंगर. कप कलला, चहा सांडला, आणि हातोबाने (कर्तव्यात कसूर नाही) तो चहासुद्धा चटईकडे लोटायला सुरुवात केली. आजीबाईंनी एका हाताने स्पंज बाजूला केला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी चटईचा कोपरा उचलला. नेमका तोच. खाली पावाचा चुरा, एक शर्टाचं बटण आणि माझ्या पेनाचं टोपण.

हातोबाने तेवढ्यात रिकाम्या जागी दोनदा थोपटलं.

समिती तीन आठवड्यांनी, गुरुवारी, परत येते असं सांगून गेली. तेव्हा नीट दाखवलंत तर ठीक, नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे ताईंची तीन वर्षं गेली, हे मला मागाहून त्या इंजिनियर मुलांनी सांगितलं. आणि ताईंनी काय केलं? मोठ्या सरांना सांगितलं, चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे, मी शोधते. चार दिवस त्या शोधत होत्या. आकड्यांच्या ओळी वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून. मी त्यांच्या खुर्चीभोवतीची लादी त्या चार दिवसांत नऊ वेळा पुसली. मनाशी हिशेब असा चालला होता की गप्प बसलो तर तीस तारीख सुखात जाईल. कुणाला काय कळणार आहे, यंत्राच्या चुका यंत्राच्या नावावर. आणि बोललो तर दादाच्या दुकानातलं स्टूल. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या. मी पोछा भिंतीला टेकवला.

"ताई, त्यात चूक सापडायची नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "का?"

"चूक तुमची नाहीच. ते दोनदा थोपटणं माझं आहे. घरी सतरंजी थोपटायचो, तसं."

त्या खुर्ची वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. ते अंतर मोजणारे कॅमेरे बघतात ना, तसं. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "किती वेळा?" मी म्हटलं, एकशे साठ. त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि मग टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या की पलीकडच्या खोलीतली मुलं बघायला आली. हसता हसता जरा रडल्याही असाव्यात, मी लादीकडे बघत होतो.

मग मला मोठ्या सरांसमोर उभं केलं. मी बादली बरोबर नेली होती, कारण हातात काही नसलं की माझ्या हातांना काय करावं ते सुचत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"घरी कधी पकडला गेलास का?"

"दर वेळी, सर."

"कोणी पकडलं?"

"वहिनीने."

"वरून बघून?"

"नाही सर, वरून काहीच दिसायचं नाही. मी फार नीट थोपटायचो."

"मग तिला कळायचं कसं?"

वहिनी, हे तर मला माहीतच नाही. सरांनी खिशातून वही काढून माझा प्रश्न (म्हणजे त्यांचा प्रश्न) लिहून घेतला, ताई फळ्याकडे गेल्या, दोघं चौकोन आणि बाण काढायला लागले आणि मी तिथे आहे हे विसरले. अर्ध्या तासाने मी बादली घेऊन हळूच बाहेर आलो. झालं, प्रकरण मिटलं. आता मी हातोबाला नव्याने शिकवतोय, प्रामाणिकपणे, दर वेळी तबक रिकामं करून. सगळं सुरळीत आहे, काळजीचं काही कारण नाही, आणि यापुढे कुठलीही गोष्ट झाकून ठेवायची नाही असं मी ठरवलं आहे. दादालाही तसंच सांगा. आईला नमस्कार, चिमणीला एक टपली (हळू, दात हलतोय).

तुमचा,
धाकटा

ता. क. सरांच्या प्रश्नाचं उत्तर उलट टपाली पाठवा. हे हसण्यावारी नेऊ नका. आम्ही हातोबाला चटई उचलून बघायला शिकवलं, तर तो आता सगळंच उचलून बघतो. रिकामी बशी उचलतो, कप उचलतो, काल सरांची वही उचलून तिच्याखाली डोकावला. अगदी दादासारखा संशयी झालाय आणि एक टेबल पुसायला पाऊण तास घेतो. तुम्ही तर रोज सतरंजी उचलत नव्हता. ज्या दिवशी खाली केर असायचा त्याच दिवशी उचलायचा आणि तोच कोपरा. कसं कळायचं? अनवाणी चालताना पायाला लागायचं? की केर जास्तच लवकर निघाला म्हणून? की मी दोनदा थोपटल्याचा आवाज आत यायचा? मी ताईंना म्हटलं, कदाचित माझं तोंड बघून कळत असेल. त्या म्हणाल्या, मग अवघड आहे, हातोबाला तोंड नाही.

ता. ता. क. वर मी "प्रकरण मिटलं" असं लिहिलंय, ते जरा चटईखाली सारलेलं आहे. कायम करायच्या कागदावर सही झालेली नाही. सर म्हणाले, पुढच्या गुरुवारी समिती येऊन जाऊ दे, मग बघू. म्हणजे ताईंची तीन वर्षं आणि माझं स्टूल, दोन्ही तुमच्या एका उत्तरावर अडलंय. दादाला यातलं काही सांगू नका. त्याला पहिलं पान वाचून दाखवा आणि जागा संपली म्हणा.

ता. ता. ता. क. आता कपाटाबद्दल. खरं पत्र इथून सुरू होतं, वरचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं. त्या कागदाबरोबर शाळेचा पुरावा लागतो, सातवी पास असल्याचा. नऊ वर्षांपूर्वी मी घरी सांगितलं होतं की निकालपत्रकं वाटलीच नाहीत, कारकून आजारी आहे. वाटली होती. बंद पाकिटात. मी नापास असणार हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून ते पाकीट न उघडता स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटाखाली सारलं, अगदी भिंतीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत कामाला लागलो. मी त्यात काय आहे ते आजवर बघितलेलं नाही. तर वहिनी, रंगारी यायच्या आधी, दादा दुकानात असताना, एक लांब काठी घेऊन ते बाहेर काढा आणि तुम्हीच उघडा. पास असेन तर रजिस्टर टपालाने पाठवा. नापास असेन तर होतं तिथेच परत सारा.

आणि काठी घातल्यावर कपाटाखाली काहीच लागलं नाही, तर मात्र मला सगळं समजलं. मग ते तुम्ही नऊ वर्षं जिथे जपून ठेवलंय, तिथून काढून पाठवा. आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरज नाही, मी त्यांना सांगेन की हे यंत्राला जमण्यातलं नाही.